खणात सापडलेला ट्रान्सफॉर्मर

वाइंडरबाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या, की आत पाऊल टाकताच त्यांची नजर भिंतींवरून भिरभिरायची. घरच्यांना वाटे, बाई रंग बघताहेत, फोटो बघताहेत. बाई शोधत असत मेन स्विच. तो एकदा दिसला, तिथवर जायची वाट मोकळी आहे अशी खात्री पटली, की मग कुठे त्या खुर्चीत नीट टेकायच्या आणि "घर छान आहे हो" असं म्हणायच्या.

मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर भरून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. केसासारखी बारीक तांब्याची तार साच्यावर फेऱ्याला फेरा लावून गुंडाळायची, थराथरात कागद घालायचा आणि शेवटी सगळं पांढऱ्या दोऱ्याने आवळून बांधायचं. या कामात त्यांचे ओठ सतत हलत असत. कुणी मध्येच हाक मारली तर उत्तर न देता त्या नुसतं एक बोट वर करायच्या. थांबा, फेरे मोजतेय. 'वाइंडरबाई' हे नाव कारखान्यात पडलं, तिथून गल्लीत आलं, आणि लग्नानंतर काही वर्षांनी नवराही त्याच नावाने हाक मारायला लागला.

गंमत अशी, की विजेच्या सामानावर पोट भरलेल्या या बाई वाघाला भ्यावं तशा विजेला भ्यायच्या. तार गुंडाळायला भीती नाही, ती तार मेलेली असते. भीती पुढच्या टेबलाची. तिथे मिस्त्री भरून झालेल्या मोटारींना वीज जोडून बघायचा. बाई कामाला लागून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा हा मिस्त्री एका मोटारीला चिकटला. बाईंना आयुष्यभर पुरलं ते हे, की तो ओरडला नाही. माणूस ओरडेल असंच कुणालाही वाटतं. तो नुसता दात आवळून उभा होता, एखादी गोष्ट आठवत असल्यासारखा. मालकाने लाकडी स्टूल हाणून त्याला सोडवला. माणूस वाचला, परत कामावरही आला. पण पुढे कितीतरी दिवस तो चहाचा कप उचलतानासुद्धा आधी हाताची पाठ लावून बघायचा, कारण पाठीला वीज लागली तर मूठ आवळत नाही. त्याला हसणाऱ्यांत बाई कधीच नव्हत्या.

बाईंचे यजमान शाळेत सुतारकाम शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांचे हात शिवशिवायला लागले. घरातल्या प्रत्येक दाराचा कुरकुरणारा आवाज बंद करून झाला, शेजाऱ्यांची टेबलं डुगडुगायची थांबली, आणि मग एक दिवस भंगारवाल्याकडून ते एक जुनी पेटी घेऊन आले. व्हॉल्व्हचा रेडिओ. आतले काचेच्या बल्बसारखे व्हॉल्व्ह फुटलेले, बाकी सामान गंजलेलं, आणि लाकूड वाळवीने असं पोखरलेलं, की बोट लावलं तर भुसा व्हायचा. पण पेटीचा घाट मात्र शाबूत होता. गोल खांदे, पुढच्या अंगाला उभ्या पट्ट्या, पट्ट्यांच्या मागे कापडाची जाळी.

"दुरुस्त नाही होणार हा," बाई म्हणाल्या.

"दुरुस्त कोण करतोय? याच्यासारखा नवीन करतो."

असं ते सुरू झालं. मास्तरांनी पेटीचं माप घेतलं, पातळ फळ्या वाफेवर धरून वाकवल्या, खांद्यांची गोलाई जुळेपर्यंत तीनदा मोडल्या. आतल्या जोडणीसाठी जुन्या पुस्तकांतली चित्रं उतरवली. व्हॉल्व्ह अजून मिळत होते, जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या माळ्यांवर, धूळ खात पडलेल्या खोक्यांत. ट्रान्सफॉर्मर मात्र कुठे मिळेना. मग मास्तर बायकोसमोर येऊन उभे राहिले, शाळेत पोरं उशिरा आल्यावर त्यांच्यासमोर उभी राहायची तसे.

बाईंनी ट्रान्सफॉर्मर भरून दिला. पण त्याबरोबर अटीही घातल्या. सेट चालू असताना आत एकच हात घालायचा, दुसरा पाठीमागे. पायाखाली रबराची चटई. भिंतीला टेकवलेली लाकडी काठी. आणि पहिल्यांदा वीज जोडायची तेव्हा मेन स्विचवर बाईंचा हात असणार, त्या 'हं' म्हणेपर्यंत काही लावायचं नाही. आत एवढा दाब असतो, की बंद केल्यावरही तो डब्यासारख्या कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतो, हे त्या कारखान्यात शिकल्या होत्या.

"काय तू, पोलिसासारखी," मास्तर हसायचे. पण ऐकायचे.

पहिला सेट लागला तेव्हा व्हॉल्व्ह हळूहळू निखाऱ्यासारखे लाल झाले. थोडी घरघर झाली आणि मग खोलीत कुणा बाईचा बातम्या सांगणारा आवाज उमटला, उबदार, जरा घोगरा, शेजारच्या खोलीतून यावा तसा. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंचा हात मेन स्विचवरच होता आणि तळव्याला घाम फुटला होता. बातम्यांत काय सांगितलं, हे त्यांना कधीच आठवलं नाही.

मागची खोली हळूहळू रेडिओंनी भरली. मास्तर पेटी करायचे, जोडणी करायचे. बाई गुंडाळ्या आणि ट्रान्सफॉर्मर भरायच्या. प्रत्येक सेटच्या वेळी भीती नव्याने यायची. सवय होईल असं मास्तर म्हणत. ती झाली नाही.

नात चालायला लागली त्या सुमारास लेकीनेच हट्ट धरला. "बाबा, माझ्या घरी एक हवा. छोटासा. कपाटावर बसेल असा."

मास्तरांनी जुन्या पुस्तकातून नेमका नमुना काढला. लांबट, बसका, दोन बटणांचा, दिसायला अगदी गोजिरवाणा. बाईंनी जोडणीचं चित्र पाहिलं.

"यात ट्रान्सफॉर्मरच नाही."

"नव्हताच. हे स्वस्तातले सेट असायचे. वीज थेट आत घ्यायची."

"म्हणजे आतला पत्रा, ज्यावर सगळं सामान बसवलंय, तो सरळ भिंतीतल्या तारेला जोडलेला. प्लग उलटा लागला तर त्या पत्र्यातच वीज! बटणाच्या दांडीत वीज, मागच्या स्क्रूत वीज!"

"अगं, तेव्हा घरोघरी होते हे. माणसं काय पटापट मरत होती का?"

"काही मेली असतील. त्यांना कुणी विचारायला गेलं नाही."

"नक्कल करायची तर आतून-बाहेरून तशीच करावी," मास्तर म्हणाले. पेटीच्या बाबतीत त्यांना तडजोड ठाऊक नव्हती. पण बाईही हटल्या नाहीत. त्या घरात पोर रांगतंय, चालतंय. दिसायला हवा तसा करा, पण वीज आणि रेडिओ यांच्या मध्ये माझा ट्रान्सफॉर्मर पाहिजे, म्हणजे भिंतीतली वीज भिंतीकडेच राहील. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. शेवटी मास्तर म्हणाले, "बरं बाई. भर तुझा ट्रान्सफॉर्मर."

त्यांनी भरला. एवढं मन लावून तर त्यांनी कारखान्यातही कधी भरला नव्हता. मध्ये कागदाचे जास्तीचे थर घातले, तीनदा तपासला, पांढऱ्या दोऱ्याने बांधला आणि मास्तरांच्या हातात दिला. त्यानंतर त्या तापाने पडल्या. उठल्या तेव्हा सेट पॉलिश होऊन, मागची फळी लागून टेबलावर चकाकत होता.

"लावून बघितलात? माझ्याशिवाय?"

"तू झोपली होतीस. उगाच कशाला उठवायचं? छान वाजतोय."

बाईंना वाईट वाटलं, आणि त्याखाली आणखी काहीतरी वाटलं. पण अंगात त्राण नव्हतं. जावई येऊन सेट घेऊन गेला.

ती सकाळ साधीच होती. मास्तर दाढ काढायला दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. बाईंना पंख्याच्या एका सुटलेल्या वायरीला गुंडाळायला चिकटपट्टी हवी होती, म्हणून त्या मागच्या खोलीत मास्तरांच्या टेबलाचा खण उघडायला गेल्या. खण अडकला. ओढला तर आत काहीतरी जड सरकलं. त्यांनी हात घालून पटाश्या बाजूला केल्या, कापडाचा एक बोळा काढला, आणि बोळ्याखाली त्यांचा ट्रान्सफॉर्मर होता.

आपली गाठ माणूस ओळखतोच. पांढरा दोरा, शेवटी डाव्या बाजूला दुहेरी पीळ. त्यांनी तो उजेडात नेला. चारही तारांची टोकं त्यांनी घासून चकचकीत केली होती तशीच चकचकीत होती. सोल्डरचा ठिपकासुद्धा त्यांना लागलेला नव्हता. हा ट्रान्सफॉर्मर कधी कशाला जोडलाच गेला नव्हता.

त्या स्टुलावर बसल्या, आणि बसल्या क्षणीच उठल्या. लेकीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मास्तरांना लावला, तर त्यांचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवरून वाजायला लागला. तो आवाज ऐकून त्या एवढ्या दचकल्या, की हातातला ट्रान्सफॉर्मर पडता पडता राहिला. तो तसाच पिशवीत टाकून त्या घराबाहेर पडल्या. दार ओढलं की नाही, हे त्यांना पुढे सांगता येईना.

बस मिळाली. बसायला जागाही मिळाली. पण बसवेना. डोळ्यांपुढे तो गोजिरवाणा सेट होता आणि त्याचा एकेक धातूचा भाग त्या मनात बोटाने दाखवत होत्या. मागे चार स्क्रू. खाली दोन. पुढे दोन बटणं, बटणं लाकडाची, पण आत लोखंडी दांडी. बटण नुसतं दाबून बसवलेलं. ओढलं की येतं. नातीला सध्या काय आवडतं? ओढायला आवडतं. खणाच्या मुठी, बाटल्यांची झाकणं, आजीचा चष्मा. छकुली जे दिसेल ते ओढते आणि तोंडात घालते. बाईंनी बसचा दांडा धरला होता. तो धातूचा आहे हे लक्षात आलं आणि त्यांनी हात काढून घेतला.

शेजारची बाई म्हणाली, "बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

"नको. लेकीकडे चाललेय."

"आजारी आहे का ती?"

"नाही हो. सगळे बरे आहेत," बाई म्हणाल्या, आणि ते शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांना हुंदकाच आला. पुन्हा फोन लावला. वाजून वाजून थांबला.

लेकीच्या इमारतीत लिफ्ट होती. बाई एरवी लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. त्या दिवशी त्या आत शिरल्या, बटण दाबलं, आणि दार उघडेपर्यंत डोळे मिटून फेरे मोजल्यासारखे ओठ हलवत राहिल्या. मोजायला काहीच नव्हतं.

बेल. परत बेल. दार उघडलं. लेक समोर उभी, कानांवरचे हेडफोन गळ्यात ओढलेले, तोंडावर बोट. "आई? अगं, ऑफिसची मीटिंग चालू आहे माझी. काय झालं?"

आतून रेडिओवरचं गाणं ऐकू येत होतं.

"छकुली कुठे आहे?"

"आत खेळतेय. अगं, काय झालं पण?"

बाई पुढे झाल्या आणि बैठकीच्या दारातच थबकल्या. कपाट बुटकं होतं. त्याच्यापुढे छकुली उभी होती, अनवाणी, टाचा उंचावून. तिचा पेला खाली आडवा पडला होता आणि पाण्याचं थारोळं तिच्या पायांखाली पसरलं होतं. तिच्या गालात काहीतरी फुगलेलं होतं. ते रेडिओचं बटण होतं. बटणाच्या जागी बोटभर लोखंडी दांडी चकाकत होती, आणि छकुली एका हाताने कपाटाची कड धरून दुसरा हात तिकडे नेत होती.

बाईंना ओरडायचं होतं. एक विचार मात्र लख्ख होता. ओरडले तर ती दचकेल, आणि दचकलेलं मूल हाताशी येईल ते घट्ट धरतं. धावत जाऊन तिला उचलावं, तर मध्ये सोफा, टेबल, खेळणी. मेन स्विच त्यांच्या डाव्या हाताला होता. या घरात पहिल्यांदा आल्या त्या दिवशीच त्यांनी तो बघून ठेवला होता. त्यांनी मान न वळवता हात टाकला आणि खटका खाली ओढला.

पंखा मंदावला. गाणं एकदम तुटलं नाही. एक सूर लांबत, खाली खाली जात विझला. छकुलीचा हात दांडीवर पोचला होता. तिने ती धरली, हलवली, काही होत नाही म्हणून सोडली, आणि वळून आजीकडे बघत तोंडातलं बटण हातात काढून दाखवलं.

"आई! काय करतेस तू?" लेक ओरडली. "माझा कॉम्प्युटर बंद पडला! सगळी माणसं होती मीटिंगमध्ये! असं वेड्यासारखं येऊन..."

बाईंनी नातीला उचललं. एवढी घट्ट धरली, की ती रडायला लागली. मग त्या जमिनीवरच बसल्या, पाण्यात. आधी नुसतं ततपप झालं. मग त्यांनी पिशवीतून ट्रान्सफॉर्मर काढून लेकीपुढे ठेवला आणि सांगितलं.

लेकीने अर्धवट ऐकलं, अर्धवट मानलं. "बाबा असं कसं करतील? तुला उगाच वाटतंय, आई. तुला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते. काल तर ही दिवसभर त्याच्याशी खेळत होती. काही झालं नाही."

"टेस्टर आहे का घरात?"

होता. बाईंनी छकुलीला आतल्या खोलीत पाळण्यात ठेवायला लावलं, दार लावून घेतलं, आणि फरशी कोरडी पुसली. पायातल्या रबरी चपलांवर त्या उभ्या राहिल्या, डावा हात पाठीमागे. लेकीने मेन स्विच वर केला. टेस्टरचं टोक दांडीवरून दोनदा निसटलं. टेकलं. टेस्टरच्या पोटातला दिवा लालभडक लागला.

बाईंनी प्लग काढला, उलटा करून लावला, पुन्हा टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही.

"काल असा लावलेला असणार," त्या म्हणाल्या.

"आज सकाळी मी इस्त्रीसाठी काढला होता," लेक हळूच म्हणाली. "परत लावताना... मी बघितलंच नाही. बघायचं असतं हे मला माहीतच नव्हतं." मग तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती धावत आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा छकुलीला कडेवर घेऊन आली आणि रेडिओकडे न बघता म्हणाली, "आई, हे घेऊन जा माझ्या घरातून. आत्ताच्या आत्ता."

बाईंनी प्लग काढला, कात्री मागितली, वायर पेटीपाशी कापून टाकली आणि सेट मांडीवर घेऊन बसने परत आल्या. मेलेल्या सेटचीही त्यांना भीती वाटत होती. सगळा रस्ताभर त्यांनी हात लाकडावरच ठेवले, मागच्या स्क्रूंना बोट लागू दिलं नाही.

मास्तर घरी आले होते. गाल सुजलेला, तोंडात कापूस, आणि अर्धं तोंड बधिर. बायकोच्या हातात सेट बघून ते उठले. बाईंनी सेट टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी ट्रान्सफॉर्मर ठेवला.

"बशत नव्हता," मास्तर म्हणाले. सुजलेल्या तोंडातून शब्द वाकडे निघत होते. "पेटीत बशत नव्हता. पेटी दोन बोटं रुंद करावी लागली अशती. शगळा घाट गेला अशता. मी दोन रात्री विचार केला. तुला शांगितलं अशतं तर..."

"तर काय?"

"तू घाबरली अशतीश."

"छकुलीने दांडी धरली होती," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी तोंडातला कापूस काढला. त्यावर रक्त होतं. ते त्यांनी बघितलंही नाही. "मग?"

"मी आधी मेन बंद केला होता. केवढा आधी, ते मला विचारू नका. मला नाही सांगता येणार."

मास्तर टेबलाची कड धरून खाली बसले. काही वेळाने ते रडत असल्याचं बाईंच्या लक्षात आलं. सुजेमुळे एकीकडचा गाल हलत नव्हता, म्हणून ते आधी कळलंच नाही. बाईंना त्यांची दया यायला हवी होती. ती त्या दिवशी आली नाही. त्या उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर मास्तर मागच्या खोलीत जाईनासे झाले. राग धरून नव्हे, भीतीने. ज्या माणसाने आयुष्यभर करवत, रंधा आणि नंतर व्हॉल्व्हशी खेळ केला, तो आता दिवा लावतानाही बटणापुढे घुटमळायला लागला. शेव्हिंग मशीन सोडून त्यांनी साधं ब्लेड धरलं. बसल्या बसल्या आपल्या हातांकडे बघत राहायचे. लेक फोन करायची तो आईला. "बाबांना देऊ का?" असं विचारलं, की म्हणायची, "आत्ता नको." एकदा बाई भाजी चिरत होत्या, तेव्हा मास्तर दारात येऊन म्हणाले, "मी डोळे मिटले की ती दांडी दिसते."

"मलाही दिसते."

"तू कशी काय राहतेस मग?"

बाईंनी सुरी खाली ठेवली. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. सगळे भिऊ नकोस, एवढंच सांगत आले होते. "तशीच राहते," त्या म्हणाल्या. "तो मिस्त्री चिकटला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामाला गेलेच ना? त्याच टेबलाजवळून जावं लागायचं. पाय लटपटायचे. रोज लटपटायचे, निवृत्त होईपर्यंत. लटपटत जायचं, दुसरं काय. पण तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्हाला आजवर भीतीच वाटली नाही, म्हणून तुम्ही तो खणात टाकलात. आता वाटतेय, तर आता तुम्ही कामाच्या लायक झालात."

मास्तरांना हे बोल लागले. लागावेत म्हणूनच त्या बोलल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतून रंध्याचा आवाज आला.

लेकीकडून परत आलेली पेटी त्यांनी मोडली नाही. नवीन केली, दोन बोटं रुंद. खांदे त्या मानाने जरा बसके झाले. मास्तर दर वेळी लांबून बघून तोंड वाकडं करायचे, पण करत राहिले. जोडणीला मात्र त्यांचा हात उचलेना. सोल्डरचा डाग देण्यासाठी हात पुढे नेला की थांबायचा, वीज नसताना सुद्धा. मग बाईंनी चष्मा लावला आणि बसल्या. मास्तर चित्रावर बोट ठेवून सांगत, त्या जोडत. बारीक तारेला सरावलेली बोटं होती, काम स्वच्छ उतरत गेलं. या वेळी बटणांना त्यांनी आतून स्क्रू लावला, वर लाखेची टिकली भरली. ओढलं तरी येणार नाही असं.

चाचणीचा दिवस आला तेव्हा बाई म्हणाल्या, "मेन तुम्ही धरा. सेटला मी हात लावून बघणार."

"टेस्टर लाव ना. हात कशाला?"

"टेस्टर लावणारच आहे. पण नंतर हातही लावणार. लेकीला मला सांगायचंय, की मी लावून बघितला."

प्लग लावला. व्हॉल्व्ह लाल झाले. टेस्टर दांडीवर, स्क्रूवर, पत्र्यावर फिरला. कुठेही दिवा लागला नाही. प्लग उलटा केला, पुन्हा तेच. मग बाई चटईवर उभ्या राहिल्या. डावा हात पाठीमागे. उजव्या हाताची पाठ पुढे केली. ती पत्र्यापासून वीतभर अंतरावर थांबली आणि तिथून पुढे जाईना. मास्तर मेन स्विचपाशी घामाने निथळत उभे होते.

"राहू दे गं," ते म्हणाले. "राहू दे. मी सांगतो तिला."

बाईंनी डोळे उघडे ठेवले आणि हात टेकवला. पत्रा कोमट होता. बाकी काही नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मग चटईवरच मटकन बसल्या, तेव्हा मास्तरांनी खटका खाली ओढूनच धाव घेतली. पहिल्या चाचणीत या सेटमधून काय वाजत होतं, हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही.

लेक महिन्याभराने आली, एकटीच. वडिलांशी ती अजून तुटक बोलत होती. स्वतःचा टेस्टर ती घेऊन आली होती. तिने सेटचा प्रत्येक स्क्रू तपासला, प्लग दोन्ही बाजूंनी लावून तपासला, बटणं ओढून बघितली. मास्तर भिंतीशी उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "पण मी घरी नेणार नाही, बाबा. मला रोज त्याच्याकडे बघवणार नाही."

"नको नेऊस," मास्तर म्हणाले. पुढे त्यांना आणखी काही बोलायचं होतं. "मला त्या पेटीचा... मला ती पेटी फार आवडली होती गं पोरी."

लेकीने मान खाली घातली. "माहीत आहे," ती म्हणाली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. पण जाताना तिने वडिलांच्या बाहीवरचा भुसा झटकला.

तो सेट पुढच्या खोलीतच राहिला. मास्तरांनी त्यानंतर आणखीही सेट केले. जोडणी आता दोघं मिळून करतात आणि कामाला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. जुन्या सेटचे एक शौकीन बघायला आले होते. त्यांनी पेटीवर हात फिरवून सांगितलं, की माप मूळच्याशी जुळत नाही. मास्तरांनी होय म्हटलं आणि विषय वाढवला नाही.

त्या गोष्टीनंतर छकुली पहिल्यांदा आजोळी आली, ती बऱ्याच दिवसांनी. आता ती धावत होती. रेडिओ चालू होता. तिने थेट तिकडे धाव घेतली, दोन्ही तळहात पेटीवर ठेवले, आणि आतल्या आवाजाला कान लावून उभी राहिली. लेक उठली होती, ती मनावर दगड ठेवून परत बसली. मास्तर मेन स्विचपाशी जाऊन उभे होते. बाई नातीच्या मागे गुडघ्यांवर बसल्या होत्या, आणि गाणं संपेपर्यंत तिच्या फ्रॉकची चुणी त्यांनी मुठीतून सोडली नाही.